मित्रमंडळींसोबत रामोजी फिल्म सिटीत एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेचे, कॉलेजचे, ऑफिसचे ग्रुप हैदराबादला निघाले की आमच्याकडे फिरून फिरून हेच प्रश्न येतात. बहुतेक प्रश्न पुणे, सोलापूर आणि मराठवाड्यातून येतात. सगळी उत्तरं एकत्र असावीत म्हणून हे पान केलं. तिकिटांचे दर आणि शोच्या वेळा बदलत राहतात. त्या तेवढ्या निघण्याच्या आदल्या दिवशी फिल्म सिटीच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या.

१. रामोजी फिल्म सिटी म्हणजे नक्की काय? स्टुडिओ की अम्युझमेंट पार्क?

दोन्ही आहे, पण आधी स्टुडिओ. ‘ईनाडू’ या तेलुगू दैनिकाचे संस्थापक आणि चित्रपट निर्माते रामोजी राव यांनी १९९६ मध्ये ती उभारली. निर्मात्याने हातात फक्त पटकथा घेऊन यावं आणि पूर्ण झालेला सिनेमा घेऊन परत जावं, ही त्यामागची कल्पना. म्हणून सेट, शूटिंगचे फ्लोअर (बंदिस्त दालनं), कॅमेरे, दिवे, एडिटिंग, डबिंग आणि युनिटला, म्हणजे चित्रीकरणाच्या चमूला, राहायला हॉटेलं असं सगळं एकाच आवारात आहे. हे आवार १,६६६ एकरांचं आहे आणि जगातलं सर्वांत मोठं फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद आहे. रामोजी रावांना २०१६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. ८ जून २०२४ रोजी ते गेले.

पर्यटकांसाठीचे शो, बागा, खेळ हे सगळं या चालत्या स्टुडिओच्या आवारातच मांडलेलं आहे. ही गोष्ट आधीच लक्षात असली की दिवस कसा घालवायचा ते आपोआप कळतं.

२. राइड्स किती थरारक आहेत? आमच्या ग्रुपला रोलर कोस्टर हवेत.

मग रामोजी तुमच्यासाठी नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो. इथले पाळणे आणि झुले सौम्य आहेत, लहान मुलांना आणि घरच्यांना झेपतील असे. ‘साहस’ नावाचा वेगळा विभाग आहे. तिथे दोरांवरचे खेळ, चारचाकी मोटारबाइक, पेंटबॉल असे प्रकार आहेत, पण त्यासाठी वेगळं पॅकेज आणि वेगळा वेळ लागतो. पोटात गोळा आणणारे कोस्टर हवे असतील तर २०१३ मध्ये खोपोलीजवळ सुरू झालेलं इमॅजिका घराजवळच आहे.

रामोजीला जायचं ते सिनेमा कसा रचतात हे बघायला. आमच्याकडे नाराजीची जी पत्रं येतात, त्यांतली बहुतेक झुले शोधत गेलेल्या ग्रुपची असतात. सेट बघायला गेलेले मात्र दिवस अपुरा पडल्याची तक्रार करतात.

३. पुणे, सोलापूर किंवा मराठवाड्यातून कसं जायचं?

पुणे आणि सोलापूरकरांसाठी रस्ता अगदी सरळ आहे. पुण्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी करत हैदराबादला पोचतो आणि पुढे विजयवाड्याकडे जातो. फिल्म सिटी याच महामार्गावर, हैदराबाद ओलांडल्यावर हयातनगरच्या पुढे आहे. सोलापूर ते हैदराबाद साधारण ३०० किलोमीटर आहे. शहरातल्या वाहतुकीत अडकू नका. पटानचेरूजवळ आउटर रिंग रोडवर चढा आणि पेद्दा अंबरपेटला उतरा. तिथून फिल्म सिटी जवळच आहे.

बाइकवरून जाणाऱ्यांसाठी एक सूचना: आउटर रिंग रोडच्या मुख्य मार्गिकेवर दुचाकींना बंदी आहे. तुम्हाला सर्व्हिस रोडने किंवा शहरातून जावं लागेल, त्यामुळे वेळ वाढवून धरा.

रेल्वेने जायचं तर मुंबई, पुणे आणि सोलापूरहून हुसेनसागर एक्स्प्रेस हैदराबाद स्टेशनला, म्हणजे नामपल्लीला नेते. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडकडून येणाऱ्यांना देवगिरी एक्स्प्रेस सिकंदराबादला सोडते. नागपूरकर आदिलाबादमार्गे राष्ट्रीय महामार्ग ४४ ने येतात.

४. गाडी नसेल तर हैदराबाद शहरातून फिल्म सिटीपर्यंत कसं पोचायचं?

मेट्रो आणि बस हा सर्वांत स्वस्त मार्ग. मेट्रोची लाल मार्गिका मियापूरपासून एल. बी. नगरपर्यंत जाते आणि नामपल्लीला तिचं स्टेशन आहे. म्हणजे हुसेनसागरने उतरलेल्यांना गाडी न बदलता एल. बी. नगर गाठता येतं. सिकंदराबादहून येणाऱ्यांना मध्ये मार्गिका बदलावी लागते. एल. बी. नगर हे शेवटचं स्टेशन. तिथून फिल्म सिटी वीसेक किलोमीटर आहे आणि हयातनगरकडून रामोजीपर्यंत जाणाऱ्या सिटी बस मिळतात. चौघं-पाचजण असाल तर एल. बी. नगरहून कॅब परवडते.

येताना कॅब मिळेल हे गृहीत धरू नका. संध्याकाळी सगळे एकाच वेळी बाहेर पडतात, आणि हे ठिकाण शहरापासून लांब आहे. सकाळच्याच गाडीवाल्याशी परतीचं बोलून ठेवा, नाहीतर बसच्या वेळा आधी विचारून घ्या.

५. तिकिटात काय काय येतं? साधं घ्यावं की महागडं?

साध्या तिकिटात आतली बस, मार्गदर्शकासह स्टुडिओ टूर, बहुतेक शो आणि ठरावीक खेळ येतात. मोठ्या माणसाला साधारण दीड हजार रुपयांच्या आसपास धरून चला. सुट्ट्यांच्या हंगामात आकडा बदलतो. लहान मुलांचं तिकीट वयावर नाही तर उंचीवर ठरतं, त्यामुळे दाखले शोधत बसू नका. महागड्या पॅकेजमध्ये वातानुकूलित बस, जेवण आणि शोसाठी वेगळी रांग मिळते.

आमचं मत असं: तिशीच्या आतले मित्र, थंडीचे दिवस आणि मधला वार असेल तर साधं तिकीट घ्या. बरोबर आईवडील असतील, मे महिना असेल किंवा नाताळची गर्दी असेल, तर वरचे पैसे भरलेले बरे. तेव्हा रांग आणि ऊन या दोनच गोष्टी माणसाला थकवतात. ऑनलाइन तिकीट काढून ठेवलं की खिडकीवरचा वेळ वाचतो. मोठ्या ग्रुपला किंवा शाळा-कॉलेजांना वेगळा दर असतो, तो आधी फोन करून विचारावा.

६. एक दिवस पुरतो का? कोणत्या क्रमाने बघावं?

सकाळी नऊला गेटवर असाल तर पुरतो. अकराला पोचलात तर काहीतरी सोडावं लागेल, आणि ते काय सोडायचं हे प्रश्न १७ मध्ये सांगितलं आहे.

तिकीट खिडकी महामार्गालगत आहे. तिथून फिल्म सिटीची बस तुम्हाला काही किलोमीटर आत ‘यूरेका’पर्यंत नेते. यूरेका म्हणजे किल्ल्यासारखा बांधलेला मुख्य चौक. सकाळचा स्वागताचा कार्यक्रम तिथेच होतो, खायची ठिकाणं तिथेच आहेत आणि बरेच शोही तिथून जवळ आहेत. बहुतेक ग्रुप इथे फोटो काढत तासभर रेंगाळतात आणि तेवढ्यात स्टुडिओ टूरच्या बसची रांग वाढते. तुम्ही उलटं करा. यूरेकाला उतरलात की आधी स्टुडिओ टूरची बस पकडा. सेट उघड्यावर आहेत, सकाळच्या कोवळ्या उन्हात ते बघायलाही छान वाटतात आणि फोटोही चांगले येतात.

दुपारी ऊन चढलं की ‘मूव्ही मॅजिक’मध्ये शिरा. ते बंदिस्त आहे (प्रश्न १०). जेवायला साडेबारा-एकच्या गर्दीत जाऊ नका. साडेअकराला किंवा दोननंतर जेवा. दुपारनंतर वाइल्ड वेस्ट स्टंट शो आणि नाच-गाण्यांचा ‘स्पिरिट ऑफ रामोजी’ बघा. त्यांच्या वेळा त्या दिवसाच्या पत्रकावर छापलेल्या असतात. सकाळीच त्या पत्रकाचा फोटो काढून ग्रुपवर टाका. पक्ष्यांचं उद्यान आणि फुलपाखरांची बाग अंधार पडायच्या आत उरका. संध्याकाळी यूरेकात परत या, तिथे समारोपाचा कार्यक्रम असतो.

७. बाहुबलीचा सेट अजून आहे का? तो वेगळ्या तिकिटाचा आहे का?

आहे. चित्रपटाचे दोन भाग २०१५ आणि २०१७ मध्ये आले. त्यानंतर माहिष्मतीचा, म्हणजे चित्रपटातल्या राजधानीचा, सेट मोडून न टाकता पर्यटकांसाठी जपला. इतर सेटपासून तो थोडा लांब आहे, त्यामुळे तिथे बसनेच जावं लागतं. तो आपल्या तिकिटात आहे की नाही हे खिडकीवरच विचारून घ्या, कारण पॅकेजं बदलत असतात.

हा सेट कला दिग्दर्शक साबू सिरील यांचा. तिथे उभं राहिल्यावर बरेच जण म्हणतात, “एवढंच?” असं वाटणं साहजिक आहे. पडद्यावर दिसलेल्या राजधानीचा मोठा पसारा संगणकावर जोडलेला होता. प्रत्यक्षात बांधलं गेलं ते राजवाड्याचं प्रांगण, पुतळे, खांब आणि पायऱ्या, म्हणजे नट जिथे चालले, लढले, बोलले तेवढा भाग. बांधलेलं कुठे संपलं आणि संगणकावरचं कुठे सुरू झालं असेल, याचा अंदाज मित्रांनी मिळून लावा. खांबाच्या वरच्या कडेकडे नीट बघा. निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून सिनेमा पुन्हा बघितला असेल तर या जागेची गंमत फार वाढते.

८. खरं शूटिंग बघायला मिळेल का? एखादा हिरो दिसेल का?

तसं कुणीही कबूल करत नाही आणि कुणी केलं तर विश्वास ठेवू नका. एकाच वेळी इथे अनेक युनिटं काम करत असतात, पण ती पर्यटकांच्या वाटेपासून दूर असतात. शूटिंग चालू असलेला सेट त्या दिवशी टूरमधून वगळतात. बसमधून लांबवर क्रेन, पांढरे पडदे किंवा दिव्यांच्या गाड्या दिसल्या तर तेच नशीब म्हणा. “शूटिंग दाखवतो, जादा पैसे द्या” असं गेटबाहेर कुणी म्हणालं तर सरळ पुढे चला.

९. सेट जवळून खोटे वाटतात, रंग उडालेले दिसतात असं ऐकलं. मग बघण्यात काय मजा?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि याचं उत्तर द्यायला आम्हाला सर्वांत जास्त आवडतं.

सेट जवळून बघायला बांधलेलाच नसतो. तो कॅमेऱ्याच्या एका ठरावीक अंतरासाठी आणि उंचीसाठी बांधलेला असतो. परदेशी वाटणारा तो रस्ता घ्या. समोरून ओळीने टुमदार घरं, खिडक्यांना जाळ्या, दारांवर दिवे. बाजूने डोकावलात तर मागे लोखंडी सांगाडा आणि टेकू. घराच्या आत घर नाहीच, कारण दिग्दर्शकाला आत जायचंच नाही. त्याला नायक-नायिका समोरून चालत जाताना हवे आहेत. आतला दिवाणखाना दुसरीकडे, फ्लोअरवर उभा असतो. पडद्यावर आपण दार उघडताना बघतो ते एका ठिकाणी आणि आत पाऊल पडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. मधला सांधा एडिटिंगमध्ये जुळवला जातो.

पुढे अशा इमारती लागतात ज्यांच्या प्रत्येक बाजूला वेगळा चेहरा आहे. एका बाजूने इस्पितळ, दुसऱ्या बाजूने वाचनालय किंवा कचेरी. एकच बांधकाम, पण चार निर्मात्यांच्या कामाचं. रेल्वे स्टेशनचा सेट तर नुसता फलक बदलला की कोणत्याही राज्यातला होतो. विमानतळ, तुरुंग, गावाकडची गल्ली, देऊळ, सगळं हाकेच्या अंतरावर. खऱ्या स्टेशनवर शूटिंग करायचं तर परवाने काढा, गाड्यांच्या वेळा सांभाळा, गर्दी आवरा. इथे दिग्दर्शक दुपारी बारा वाजता आपल्याला हवी तशी गर्दी उभी करू शकतो.

भागवतम् या पौराणिक मालिकेचे महाल बघताना हात लावून बघा (जिथे मनाई नसेल तिथे). जे दगडी वाटतं ते प्लास्टर आणि फायबर असतं, जे सोन्याचं वाटतं ते रंगकाम. रंग उडालेला दिसला तर वाईट वाटून घेऊ नका. नवं युनिट आलं की त्याच भिंतीवर त्यांच्या गोष्टीचा रंग चढतो.

आपल्याकडे ही कला जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात रंग आणि पडद्यांतून हीच विद्या घडवली. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली आणि नंतर पुण्याला गेलेली प्रभात फिल्म कंपनी तिच्या भव्य सेटसाठी नावाजली गेली. साहेबमामा फत्तेलाल तिचे भागीदार होते आणि कला दिग्दर्शकही. प्रभातच्या स्टुडिओची जागा आज पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेत आहे. सुतार, रंगारी, मूर्तिकार, वेल्डर यांच्या हातांनी पडद्यावरचं जग कसं उभं राहतं, हे सामान्य प्रेक्षकाला इतक्या मोकळेपणाने बघू देणाऱ्या जागा थोड्या आहेत. म्हणूनच आम्ही लोकांना रामोजीला पाठवतो.

१०. ‘मूव्ही मॅजिक’मध्ये काय असतं? ते चुकवलं तर चालेल?

चालणार नाही. बाकी एखादी बाग सोडा, पण हे सोडू नका. इथल्या अ‍ॅक्शन स्टुडिओत प्रेक्षकांतूनच दोघा-तिघांना बोलावतात आणि तुमच्यासमोर एक छोटा प्रसंग चित्रित करतात. घोडा नसलेल्या टांग्यावर एकीला बसवतात, हातात लगाम देतात, मागून दोघं टांगा हलवतात. पुढच्या दालनात आवाज भरतात. टापांसाठी करवंट्या, गडगडाटासाठी पत्रा, असल्या जुन्या युक्त्या प्रेक्षकांकडूनच करवून घेतात. शेवटच्या दालनात मागचं दृश्य जोडून तोच प्रसंग पडद्यावर दिसतो आणि मैत्रीण भरधाव टांगा हाकताना दिसते. मित्रांसोबत जायचं खरं कारण हेच. ओळखीचा चेहरा पडद्यावर गेला की कॅमेऱ्याची युक्ती कायमची कळते. म्हणून पुढच्या रांगांत बसा आणि निवेदकाने विचारलं की ग्रुपमधल्या सर्वांत बोलक्या माणसाचा हात वर करा.

तिथेच ‘फिल्मी दुनिया’ आहे. छोट्या गाडीत बसून सिनेमाच्या जगातून केलेली ती सावकाश सफर आहे आणि दुपारच्या विश्रांतीला उत्तम.

११. जेवणाचं काय? घरचा डबा नेता येतो का? शाकाहारी मिळतं का?

बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, तपासणीत बाजूला ठेवायला लावतात. तान्ह्या बाळाचं खाणं किंवा पथ्याचं औषध असेल तर गेटवर आधीच सांगा. प्यायच्या पाण्याची सोय आत आहे, रिकामी बाटली बरोबर ठेवा.

शाकाहारी मुबलक मिळतं. दक्षिण भारतीय थाळीपासून उत्तर भारतीय जेवणापर्यंत वेगवेगळ्या दरांची उपाहारगृहं आहेत. तेलंगण-आंध्रचा तिखटपणा सोलापूरकरांना त्रास देणार नाही, पण कोकण-गोव्याकडच्या मित्रांनी भाजी चाखून मगच वाढून घ्यावी. उपास असेल तर साबुदाण्याच्या भरवशावर राहू नका. फळं, दही, ताक यांवर दिवस काढायची तयारी ठेवा किंवा तारीखच बदला. हैदराबादी बिर्याणीची हौस मात्र शहरात भागवा.

१२. ग्रुपमध्ये कुणाचे गुडघे दुखतात, कुणी गरोदर आहे, कुणाला अंधाराची भीती वाटते. जमेल का?

जमतं, कारण मोठी अंतरं बसनेच कापली जातात. तरीही बसच्या थांब्यांवर चढ-उतार आणि यूरेकातलं चालणं मिळून पाय बोलायला लागतात. व्हीलचेअरची सोय आहे, ती सकाळी पोचताच मागून घ्या. डोंगरावरचा हवामहल आणि कृपालू गुंफा (अजिंठा-वेरूळची आठवण करून देणाऱ्या, माणसांनी घडवलेल्या गुहा) इथे पायऱ्या आहेत. गुडघेदुखीवाल्यांनी तिथे खाली बागेत बसावं.

‘बोरासुरा’ हा अंधारातला भीतीचा प्रकार आहे. गरोदर स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण आणि लहान मुलं यांनी तो टाळावा. आणि मित्रांना एक विनंती, नको म्हणणाऱ्याला हात धरून आत ओढू नका. कुणाला बाहेर बसायचं असेल तर ग्रुपमधल्या एकाने त्याच्यासोबत थांबावं.

१३. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो आणि उघड्यावरचे सेट बघवत नाहीत. पावसाळ्यात बागा सुंदर दिसतात, पण सरी आल्या की बाहेरच्या शोच्या वेळा बदलतात. डिसेंबर-जानेवारीत हिवाळी महोत्सव असतो. रोषणाई, संध्याकाळची मिरवणूक, उशिरापर्यंतची जाग, सगळं देखणं असतं आणि गर्दीही तेवढीच असते. गर्दी नको असेल तर दिवाळीनंतरचे मधले वार निवडा.

१४. आत राहायची सोय आहे का? मित्रांना परवडेल का?

आहे. सितारा आणि तारा ही हॉटेलं आहेत. ग्रुपसाठी शांतिनिकेतन आणि सहारा इथल्या डॉर्मिटरीसारख्या खोल्या स्वस्त पडतात. राहण्याचा खरा फायदा दुसऱ्या दिवशी सकाळी होतो, कारण सर्वांत आधी तुम्ही आत असता. एका दिवसात सगळं उरकायचं असेल तर एल. बी. नगर किंवा दिलसुखनगर भागात लॉज घेणं जास्त सोयीचं.

१५. तिथे मराठी चालतं का? हिंदी-इंग्रजी न येणाऱ्या काकांचं काय?

निवेदन मुख्यतः हिंदी, तेलुगू आणि इंग्रजीत असतं. हिंदी समजत असेल तर काही अडत नाही. काकांना मात्र मूव्ही मॅजिकमध्ये शेजारी बसवून कानात सांगत राहा.

फिल्म सिटीचं मराठीशी जुनं नातं आहे. २००० मध्ये सुरू झालेली ‘ईटीव्ही मराठी’ ही वाहिनी मुळात रामोजी समूहाची होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी तरुण पत्रकारांनी याच आवारात बातम्या लिहायला आणि वाचायला सुरुवात केली. २०१५ मध्ये ती ‘कलर्स मराठी’ झाली. तुमच्या ओळखीत त्या काळातलं कुणी असेल तर जाण्याआधी त्यांच्याशी जरूर बोला. टूरमध्ये न दिसणारी फिल्म सिटी त्यांना ठाऊक असते.

१६. गोरेगावची फिल्म सिटी जवळ असताना एवढ्या लांब कशाला जायचं?

दोन्हींचा उद्देश वेगळा आहे. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी १९७७ मध्ये सरकारने उभारली. तिथे सिनेमा आणि मालिकांचं काम दाट चालतं, मार्गदर्शकासह सहलीही होतात, पण प्रेक्षकाला दिवसभर गुंतवून ठेवायला ती बांधलेली नाही. कोल्हापूरची चित्रनगरीही मुळात कामाचीच जागा. कर्जतजवळ कला दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला. ऐतिहासिक सेटची आवड असणाऱ्यांनी त्याची माहिती जरूर काढावी. शूटिंग, सेट, शो, जेवण आणि मुक्काम एकाच दिवसाच्या आखणीत हवं असेल तर मात्र रामोजी.

१७. उशीर झाला, दुपारी पोचलो. परत फिरावं का?

बारापर्यंत पोचलात तर आत जा. स्टुडिओ टूर आणि मूव्ही मॅजिक हे दोनच पक्के धरा. फंडुस्तान (मुलांचा विभाग), बागा आणि पक्षी सोडा. स्टंट शोची वेळ जुळली तर बघा. दोन वाजून गेले असतील तर तिकीट अंगावर पडतं. त्यापेक्षा त्या दिवशी शहरातला गोवळकोंडा किंवा सालारजंग संग्रहालय बघा आणि फिल्म सिटीला दुसऱ्या दिवशी सकाळी या. सालारजंग शुक्रवारी बंद असतं.

१८. रील, ड्रोन, प्री-वेडिंग शूट चालतं का?

मोबाइल आणि साध्या कॅमेऱ्याने स्वतःसाठी फोटो-व्हिडिओ काढायला हरकत नसते. ड्रोन चालत नाही. चालू शूटिंगच्या दिशेने कॅमेरा वळवू नका. एखादं युनिट महिनोन्महिने लपवून ठेवलेला नटाचा वेश तुमच्या एका फोटोने बाहेर फुटू शकतो. प्री-वेडिंग किंवा व्यावसायिक शूटसाठी पर्यटकाचं तिकीट चालत नाही. त्यासाठी कार्यालयाशी आधी बोलून परवानगी आणि भाडं ठरवावं लागतं. पोशाख बदलायला खोली लागणार असेल तर तेही त्याच वेळी ठरवा.

१९. ग्रुपमधला एकजण मागे राहिला, दुसऱ्या बसमध्ये चढला. आता?

हे मोठ्या ग्रुपमध्ये हमखास होतं, कारण टूरच्या बस भरल्या की सुटतात आणि पुढचा थांबा वेगळा असू शकतो. मागे राहिलेल्याने तिथल्याच थांब्यावर उभं राहून पुढची बस घ्यावी. सेटमधून पायी शोधत फिरू नये, कारण अंतरं मोठी आहेत आणि काही रस्ते फक्त युनिटसाठी आहेत. सकाळी यूरेकात उतरतानाच भेटायची एक खूण ठरवा आणि ठरावीक वेळेला सगळ्यांनी तिथे यायचं हे पक्कं करा. फोनची बॅटरी रीलमध्ये संपते, म्हणून दोघांचे नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्या. बरोबर लहान मूल किंवा वयस्क माणूस असेल आणि अर्ध्या तासात भेट झाली नाही, तर यूरेकातल्या चौकशी खिडकीवर सांगा. सगळे सापडेपर्यंत कुणीही गेटकडच्या परतीच्या बसमध्ये बसू नका.